लवळ्यात लवळेकर नसतो

आडनाव सांगितलं की मराठी माणूस लगेच विचारतो, "म्हणजे मूळचे कुठले?" माझ्या माहेरच्या आडनावात या प्रश्नाचं उत्तर आधीच होतं. लवळेकर. तरी ऐकणाऱ्याचं समाधान होत नसे. कुणी लवेकर ऐकायचं, कुणी लवाटे लिहून मोकळं व्हायचं. साताऱ्यात या आडनावाचं आमचं एकच घर, त्यामुळे पोस्टमनला अडचण नव्हती. अडचण होती ती आजोबांना. एवढं वेगळं आडनाव आहे तर त्यामागे काहीतरी मोठं घडलेलं असलंच पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

आजोबांच्या मते आम्ही मूळचे शिंदे. आमचा कुणी पूर्वज महादजी शिंद्यांच्या फौजेत होता, पानिपतावरून जखमी होऊन परतला, पुण्यालगत लवळ्यात त्याला जमीन मिळाली आणि पुढे गावावरून लवळेकर हे नाव पडलं. पुरावा म्हणून ते देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवरचा लोखंडाचा एक जाडजूड तुकडा दाखवत. वीतभर लांब, गंज चढलेला, एका टोकाला पसरट आणि धार गेलेला. "तलवार मोडली, तिचा हा उरलेला भाग," असं ते सांगत. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागे, झेंडूचं फूल मिळे.

आजोबांची थोरली बहीण, आमची आत्याआजी, माहेरपणाला आली की हा कार्यक्रम तिच्यासमोर होई. ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "तलवार कसली रे? वाकस आहे ती. आपण सुतार. लवळ्याचे सुतार. होळकराच्या धामधुमीत आपल्या माणसांनी गाव सोडलं."

वाकस म्हणजे लाकूड तासायचं सुताराचं हत्यार. लहानपणी मी तो तुकडा हातात घेऊन पाहिला होता. जाड टोकाला आरपार भोक होतं. तलवारीला मूठ असते, तिला दांडा घालायला भोक कशाला लागेल? मी हे आजोबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जा, अभ्यास कर." पण पूजेत काहीच फरक पडला नाही. खंडेनवमीला क्षत्रिय शस्त्रं पुजतो, सुतार हत्यारं पुजतो. हळदकुंकवाला दोन्ही सारखीच. त्या फळीवर भाऊ तलवारीला आणि बहीण वाकशीला एकाच वेळी हात जोडत होते.

अशा गोष्टी घरोघर असतात, आणि त्यांची ठेवणही ठरलेली असते. एक पराक्रम, एक राजा, राजाच्या तोंडून पडलेलं नाव. घोरपडे घराण्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: पूर्वजानं घोरपडीला दोर बांधून अवघड किल्ला सर केला आणि सुलतानानं घोरपडे हा किताब दिला. तीच घोरपड पुढे यशवंती होऊन तानाजीच्या गोष्टीत 1670 सालच्या सिंहगडावर चढते. गायकवाडांच्या गोष्टीत गाई आणि कवाड दोन्ही येतात. अशा ठिकाणी नाव आधी असतं आणि गोष्ट मागून त्याला जोडून घेतली जाते, असं मला वाटतं. मावळच्या खोऱ्यांत तर देशमुखांच्या आडनावाला वर किताबही असे. मोसे खोऱ्याचे पासलकर यशवंतराव, कानद खोऱ्याचे मरळ झुंजारराव, गुंजन मावळचे शिळीमकर हैबतराव. आजोबांना असंच काहीतरी हवं होतं. मुलूख तोच होता, नाव तसंच वाटत होतं, किताब तेवढा कमी पडत होता.

आत्याआजीच्या गोष्टीत राजा नव्हता. उलट राजाच पळाला होता. तिची "होळकराची धामधूम" सन सांगत नव्हती, पण सन काढता येतो. 25 ऑक्टोबर 1802 या दिवशी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव वसईला गेला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यानं इंग्रजांशी तह केला. तो पुण्याला परतला 1803 च्या मे महिन्यात, इंग्रजांच्या आश्रयानं. दरम्यान पुण्याच्या आसपासची गावं लुटली गेली, वैरण आणि बी-बियाणं गेलं, आणि 1803-04 मध्ये मोठा दुष्काळ पडला. आत्याआजी शाळेत गेली नव्हती. तिला वसईचा तह माहीत नव्हता. पण तिच्या आजीकडून आलेलं एक वाक्य तिनं जपलं होतं: "पेरायला दाणा नाही, तर नांगर कोण करून घेणार?" बलुतेदाराचं हेच असतं. शेतकऱ्याच्या खळ्यावर रास पडली तर सुताराला बलुतं. नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाकं वर्षभर दुरुस्त करायची आणि सुगीला आपला वाटा न्यायचा. पीक नसेल तर शेतकऱ्यासारखाच तोही उपाशी, आणि बियाण्याची वाट पाहायला त्याच्याकडे पोटापुरतं शेतही नसायचं.

मग ते साताऱ्याला आले, पण एका दमात नव्हे. एक पिढी वाटेत शिरवळला थांबली, असं ती सांगायची. 1818 मध्ये पेशवाई गेली, इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि त्या शहराचे दिवस पालटले. महाराजांनी रस्ते आखले, पाणी आणलं, वाडे बांधायला काढले. वाडा बांधायचा म्हणजे खांब, तुळया, महिरपी, दरवाजे. सुताराला आणखी काय हवं? मात्र ठिकठिकाणाहून बोलावलेल्या कारागिरांत सुतार पुष्कळ होते. नुसतं "सुतार" म्हणून हाक मारली तर दहा माणसं वळून पाहणार. कोण कुठला हे सांगितल्याशिवाय हजेरी लागत नसे. तेव्हा हा "लवळ्याचा". पुढे लवळेकर.

म्हणजे हे नाव आमच्या माणसांनी घेतलं नाही. साताऱ्यानं ते दिलं.

त्या वेळी साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता जेम्स ग्रँट हा स्कॉटिश कॅप्टन. 1818 पासून चार वर्षं सातारा राज्याचा कारभार त्याच्या हाती होता. जुन्या घराण्यांची कागदपत्रं, बखरी, वंशावळी गोळा करून त्यानं तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास लिहिला. तो 1826 मध्ये लंडनला छापला गेला तेव्हा त्यावर नाव होतं जेम्स ग्रँट डफ. दरम्यान तो मायदेशी परतला होता, आईच्या घराण्याची ईडन नावाची जहागीर त्याच्याकडे आली होती, आणि जहागिरीबरोबर डफ हे आडनावही. पुढे बायकोकडून आणखी एक वारसा आला, तेव्हा कनिंगहॅम हे तिसरं आडनाव लागलं. मराठ्यांच्या वतनांचे आणि दत्तकपत्रांचे कज्जे तपासणारा हा माणूस घरी जाऊन स्वतःच जमिनीबरोबर आडनाव घेत होता. आमच्याकडे दत्तक गेलेल्या मुलाचं होतं तेच त्याचं झालं. शिवाय त्यानं आपल्या थोरल्या मुलाचं नाव ठेवलं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, आपल्या साहेबाचं नाव आडनावासकट. हा मुलगा पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला.

त्या लोकांच्या आडनावांचे अर्थ वाचताना मला घरच्यासारखं वाटतं. डफ म्हणजे गेलिक भाषेत काळा. ग्रँट म्हणजे मोठा. पुणे जिल्ह्याचं 1885 चं गॅझेटिअर ज्याच्या देखरेखीखाली तयार झालं तो जेम्स कॅम्पबेलही स्कॉटिश, आणि कॅम्पबेल म्हणजे वाकड्या तोंडाचा. आपल्याकडे काळे आहेत, मोठे आहेत, बोबडे आहेत, टकले आहेत. शेजाऱ्यानं थट्टेत ठेवलेलं नाव चार पिढ्यांनी अभिमानाचं होतं, हे स्कॉटलंडमधल्या बॅन्फपासून आपल्या भोरपर्यंत सारखंच. आणि ज्यांच्या नावाआधी मॅक असतं ते अमक्याचा मुलगा एवढंच सांगतात. आपल्या जुन्या कागदांत तेच काम "बिन" करतो. जुन्या महजरांत, म्हणजे गोतसभेच्या निवाडपत्रांत, शेकडो साक्षीदार नुसते अमुक बिन तमुक, मौजे अमकं, एवढ्यावर भागवतात. सामान्य माणसाला रोज मिरवायला आडनाव लागत नव्हतं. सगळं गाव त्याला ओळखत होतं.

आजोबा गेल्यावर वडील त्र्यंबकेश्वरला गेले, तेव्हा मी बरोबर होते. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात. लांबट, अरुंद वह्या, लाल कापडात बांधलेल्या. जो कुणी क्षेत्री येईल त्याचं नाव, बापाचं, आजाचं, भावांचं नाव त्यात लिहून घेतात. उपाध्यायांनी आडनाव विचारलं नाही. आधी विचारलं, "गाव कोणतं?" वडील म्हणाले, "सातारा." "ते हल्लीचं. मूळ?" "लवळे, पुण्याजवळ." मग जात. वडील क्षणभर अडखळले आणि म्हणाले, "आमच्यात दोन मतं आहेत." उपाध्याय हसले नाहीत. त्यांनी एक वही सोडली, पानं उलटली, मोडीतल्या एका नोंदीवर बोट ठेवलं आणि सवयीनं एका सुरात वाचलं: सुतार, मौजे लवळे, प्रांत पुणे, हल्ली वस्ती सातारा. खाली तीन पिढ्यांची नावं. त्यांतलं सर्वांत खालचं नाव आत्याआजीच्या तोंडी नेहमी असायचं. शिंदे कुठेच नव्हते. लवळेकरही कुठेच नव्हते.

वडिलांनी स्वतःचं नाव त्या नोंदीखाली लिहवून घेतलं. आजोबांना ते दादा म्हणत. परतीच्या एसटीत ते एवढंच म्हणाले, "दादांना हे बघायला मिळालं नाही ते बरं झालं."

"हल्ली वस्ती" ही जुन्या कारकुनाची किती व्यवहारी सोय. आजही कोर्टाच्या कागदावर मूळ रा. आणि हल्ली रा. असे दोन पत्ते असतात. "कर" लावलेलं आडनाव म्हणजे त्यातला पहिला पत्ता, कायमचा चिकटलेला. आणि तो जपण्यात निव्वळ माया नव्हती, हक्काचा भाग होता. मराठेशाहीत मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेनं जमीन धारण करणारा, परागंदा झाला तरी त्याची मिरास सहजासहजी बुडत नसे. किती तरी वर्षांनी तो किंवा त्याची पोरं परत आली आणि गोतानं ओळखलं, तर जमीन मागता येत असे. बलुतेदाराचं वतनही असंच. तेव्हा आपण कुठले हे विसरणं परवडण्यासारखं नव्हतं. नावातला गाव हा परतीच्या वाटेचा दाखला होता, मग भले ती वाट कुणी चालो न चालो.

गावाकडेही अशीच आठवण उलट बाजूनं राहत होती. पुणे भागात शेतजमिनीच्या मोठ्या वाट्याला थळ म्हणत आणि थळाला मूळ घराण्याचं नाव असे. घराणं निघून गेलं, निर्वंश झालं, तरी थळ त्याच नावानं दप्तरात राही; अशी जमीन गतकुळाची म्हणून लिहिली जाई. डॉ. थॉमस कोट्स यांनी 1820 च्या सुमारास पुण्याजवळच्या लोणीकंदचं जे वर्णन लिहिलं, त्यात गावची जमीन, बलुतेदार, त्यांचे हक्क असं सारं तपशिलानं आलं आहे. पुढे सव्वा शतकानंतर गो. स. घुर्यांनी त्याच लोणीकंदचा पुन्हा अभ्यास केला. जमीन माणसाचं नाव सांभाळत होती आणि माणूस जमिनीचं. दोघांची भेट होईल तेव्हा ओळख पटावी, एवढ्यासाठी.

लवळ्याला मी गेले ते पुष्कळ उशिरा. चांदणी चौकातून बावधन, भूगाव, भुकूम, मग पिरंगुटच्या अलीकडे लवळे फाटा. आता लवळे म्हटलं की लोकांना टेकडीवरची विद्यापीठं आठवतात, सिंबायोसिस आणि फ्लेम. सिंबायोसिसचे संस्थापक शां. ब. मुजुमदार. मुजुमदार हे आडनाव मात्र गावावरून नव्हे, हुद्द्यावरून आलेलं. हिशेब पाहणारा तो मुजुमदार. देशोदेशीची पोरं तिथं शिकायला येतात आणि खाली गावात चहाला उतरतात.

देवळाच्या कट्ट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी म्हटलं, "बाबा, इथं लवळेकर कुणी राहतात का?" त्यांनी मला नीट निरखलं. "लवळेकर? इथं कशाला असतील? आम्ही सगळेच लवळ्याचे."

इतका सरळ मुद्दा आमच्या घरात कुणाला सुचला नव्हता. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव सांगावं लागत नाही. लवळेकर हा लवळ्याबाहेरच होतो. मी त्यांना बालेवाडीचं उदाहरण दिलं. तिथं बालवडकर गावातच आहेत की. ते म्हणाले, "पाटलाची गोष्ट वेगळी. पाटील चार गावांच्या बैठकीला जातो, तिथं त्याला गावाच्या नावानं बोलावतात." मला पटलं. पासलकर, शिळीमकर हे देशमुखही गावाबाहेरच्या सदरेवर, गोतसभेत, फौजेतच त्या नावानं ओळखले गेले असणार. नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव होळकर झाले तेही होळ सोडल्यावर. म्हणजे ज्या होळकराच्या धामधुमीनं आम्हाला लवळेकर केलं, तोही एका गावातून बाहेर पडलेल्याच्याच घराण्यातला.

निघताना मी विचारलं, "सुताराची पट्टी वगैरे काही आहे का गावात?" ते म्हणाले, "सुताराची पट्टी कुठल्या गावात नसते, बाई?" आणि हात ओढ्याकडे करून दाखवला. ती आमचीच, असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. मी तिकडे गेले, पाहिलं, तिथं कुणाचा तरी भात होता. परत आले.

गावावरून पडलेल्या नावाची आणखी एक गोष्ट साताऱ्याचीच आहे. तिथल्या राजवाड्यातल्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचं आडनाव सकपाळ, मूळ गाव कोकणातलं आंबडवे. सुभेदार रामजी सकपाळांचा हा मुलगा शाळेच्या पटावर गावाच्या नावानं आला आणि साऱ्या जगाला त्याच नावानं माहीत झाला. आता महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. गावाच्या नावात एक सोय आहे: ते माणूस कुठला हे सांगतं, पण कोण हे लगेच सांगत नाही. दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर हे नाव घेतलं, तेव्हा तेही मूळ आडनावापासून मोकळे झाले. आमच्या आजोबांनी या सोयीचा निराळा उपयोग केला. लवळेकर म्हटल्यावर जात कळत नाही, म्हणून त्यांना तिथं एक शिंदे आणून बसवता आला. त्यांचा राग मला कधी आला नाही. पांढरपेशांच्या कचेरीत आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाला बापजाद्यांच्या हाती वाकस असण्यापेक्षा तलवार असणं किती उपयोगाचं होतं, हे मला मोठेपणी समजलं.

आत्याआजीला मात्र ती गरज नव्हती. लग्नात तिचं आडनाव बदललं आणि लवळेकर हे नाव तिचं उरलं नाही. ज्या नावानं आपल्याला कुणी ओळखणार नाही, त्याला झालर कशाला लावायची? म्हणून तिला खरी गोष्ट जशीच्या तशी सांगता आली. आमच्या घराण्याची वंशावळ पुरुषांच्या नावांची आहे, पण तिच्यातली खरी माहिती बायकांच्या तोंडून आली: तिच्या आजीकडून तिच्याकडे, तिच्याकडून माझ्याकडे. त्या दोघींपैकी एकीचंही नाव त्र्यंबकेश्वरच्या वहीत नाही, आणि माझंही नाही.

आता नवीन लवळेकर होणार नाहीत. शाळेचा दाखला, आधार, पासपोर्ट यांनी आडनाव बांधून टाकलं आहे. लवळ्याच्या टेकडीवर चार वर्षं राहून गेलेला मुलगा बंगळुरूला गेला, एडिंबरोला गेला, तरी तिथले लोक त्याला लवळ्याचा म्हणणार नाहीत. नाव बदलत नाही म्हणजे ते काही सांगतही नाही. कोण कुठून निघालं, का निघालं, वाटेत कुठं थांबलं हे यापुढे आडनावात शोधून मिळणार नाही. कुणीतरी सांगावं लागेल. माझ्या भाच्याच्या मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी मला फोन करून विचारलं, "आत्याआजी, आपण कोण?" मी तिला म्हटलं, लिही: सुतार, मौजे लवळे. हल्ली वस्ती तूच घाल.